पिंडाला शिवलेली घोरपड

मी घोरपड बोलतेय. दगडाखालून बोलतेय, म्हणून आवाज बारीक येतोय. जरा कान खाली करा. पाय मागे घेऊ नका, मी चावायची नाही. आयुष्यात एकदाच एका माणसाला चावले, तेही चावायचं म्हणून नाही. ते पुढे येईलच.

माझा जन्म तपोवनाच्या बाजूला, नदीकाठच्या एका वारुळात झाला. आमच्या आया वारूळ उकरतात, आत अंडी घालतात आणि निघून जातात. वाळवी आपलं भोक बुजवून घेते आणि आम्ही आत उबेत पडून असतो. माती मऊ झाली की एक दिवस डोकं वर काढायचं. मी काढलं तेव्हा आई नव्हती. तिचं काही चुकलं नाही. आमच्यात कुणी कुणाला भरवत नाही. पहिल्या दिवसापासून आपली जीभ आणि आपलं तोंड.

लहानपणी मी नाकतोडे खाल्ले, शेणकिडे खाल्ले, रातकिडे खाल्ले. अंगानं वाढले तसे बेडूक, खेकडे, उंदीर. टिटवीनं काठावर अंडी घातली की माझी चैन. काही मेलेलं सापडलं तर तेही. आणि सगळं सकट खायचं, बरं का. कवच, हाडं, टरफलं, काही सोडायचं नाही. तुम्ही माणसं सोलून खाता, वरचं फेकता. आमची हाडं त्या वरच्यावरच उभी राहतात.

अशी मी चांगली पाच-सहा वर्षांची झाले. शेपूट मनगटाएवढं जाड. आमची चरबी शेपटीत साठते, म्हणून आमच्यात शेपूट जाड म्हणजे घर भरलेलं.

सिंहस्थ होऊन साल-दीड साल झालं असेल. मार्गशीर्षातली सकाळ होती. आमचं अंग उन्हावर चालतं. थंडीत आम्ही ओल्या लाकडासारख्या पडून राहतो. ऊन दगडावर आलं म्हणून मी हळूहळू बिळाबाहेर आले, तर काठावर माणसं. रामकुंडावर त्या दिवशी गर्दी फार, म्हणून भटजींनी एका पोराचं दहाव्याचं खाली आमच्याकडे आणलं होतं. भाताचा पिंड पानावर ठेवलेला. माणसं लांब सरकून उभी. वर उंबरावर सात-आठ कावळे. एकही खाली येईना.

पोराचा मामा खंडेराव हात जोडून म्हणाला, "गोरख, तुझ्या आईला मी अंतर देणार नाही. शिव बाबा."

कावळ्यांनी माना वळवल्या.

"त्याच्या मनात लग्नाचं होतं का?" कुणीतरी विचारलं.

"काही नव्हतं," खंडेराव म्हणाला.

सगळ्यांच्या मागे एक टांगेवाला उभा होता, हबीब. मेलेल्याचा जिवाभावाचा दोस्त. तो डोळे पुसत झाडाकडे बघून म्हणाला, "गोरख्या, नाटकं करू नको यार. उतर खाली. भूक लागली असेल तुला."

आई तेवढी गप्प होती. बयाबाई तिचं नाव. गळ्यात तुळशीची माळ, हाताची बोटं पळसाच्या चिकानं काळी पडलेली. यात्रेकरूंसाठी पत्रावळी लावणारी बाई. ती शेवटी एकच बोलली, अगदी हळू. "आत ये रे, बाळा."

नदीकाठी कसलं आत आणि कसलं बाहेर? कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

भटजी म्हणाले, "ऊन वर आलं. आता दर्भाचा कावळा करून शिववतो."

तेवढ्यात पिंडावर एक शेणकिडा चढला. चांगला टपोरा, काळा. मी किती दिवसांची उपाशी! सरपटत गेले आणि तोंड मारलं. किडा गेला, किड्याबरोबर तोंडभर भातही गेला.

बायका ओरडल्या. भटजींनी पंचांग मिटलं. "घोरपड शिवल्याचं कुठंच सांगितलेलं नाही. दर्भ आणा."

"नको," बयाबाई म्हणाली. "तो जेवला. माझ्या हातचं जेवला." आणि मला पळायची उमेद यायच्या आत तिनं पानांची पाटी माझ्यावर पालथी घातली.

एका शेणकिड्यापायी मी गोरख झाले.

कुंभारवाड्यात तिची एक खोली होती. पुढे ओटा, आत चूल, खुंटीवर मुलाचा कोट. तिनं जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या कमरेला बांधली, तीही दोनदा सैल करून. मला चुलीच्या अंगाला बसवलं. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आता आतच बसायचं हं. ओट्यावर जायचं नाही."

मग ताट आलं. दूधभात. मी जीभ बाहेर काढून वास घेतला. आमची जीभ हेच आमचं नाक. त्या ताटात मला खाण्यासारखं काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी शिरा. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी, वर तूप. मग बाजरीची भाकरी लोण्यात कुस्करून, कारण गोरखला ती आवडायची. मी तोंड लावीना, तशी ती पळीनं माझ्या जबड्यात घालायची. "एवढा घास आईचा. एवढाच." गिळावं लागायचं. पोट फुगायचं, आत आंबायचं, आणि मी चुलीच्या उबेला पडून राहायचे. उबेनं भूक आणखी पेटते, हे तिला कुठं ठाऊक!

पण एक सांगते. आयुष्यात मला कुणी भरवलं ते त्या बाईनं. पहिल्यांदा आणि शेवटचं. घास चुकीचा होता, हात चुकीचा नव्हता. हे दोन्ही एकदम कसं असतं ते मी अजून उलगडू शकलेले नाही.

ती दिवसभर पानं लावत बसायची. पळसाचं पान घ्यायचं, दुसरं त्यावर, बारीक काडीचा टाका. हात चालायचा आणि तोंडही. "गोरखा, आज पानं कोवळी आलीत." "गोरखा, मामा येऊन गेला, म्हणतो बहिणीला वेड लागलं." मी मान वर करायचे. आवाजाकडे मान वर करते मी, सगळ्याच करतो. तिला वाटायचं, ओ देतो.

शेजारी हबीबची आई होती, गुलजारबी. तीस वर्षांचा शेजार. एकीची पोळी करपली तर दुसरीला वास. ती उंबऱ्यात बसून मला बघायची. एक दिवस म्हणाली, "बया, हे शिकार करून खाणारं जनावर आहे गं. दूधभातानं काय होणार त्याचं? शेपूट बघ, दोरी झाली."

"माझा गोरख काय खायचा ते मला माहीत आहे."

गुलजारबीनं खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. "मलाही माहीत आहे," ती म्हणाली.

बयाबाईचा काडी धरलेला हात अडला. "या घरात अंड्याचं नाव काढायचं नाही."

"मी कुठं काढलं? तूच काढलंस."

गुलजारबी उठून गेली. मग पंधरा दिवस दोन्ही दारांतून शब्द गेला नाही. आणि त्या पंधरा दिवसांत, दुसरं कुणी ऐकायला नाही म्हणून, बयाबाईनं मला सगळं सांगितलं.

भाद्रपदात गोरखला ताप आला होता. उतरला, पण पोरगा काडीसारखा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, अंगात रक्त नाही, रोज अंडं खा. आईच्या गळ्यात माळ, घरात लसणाची फोडणीसुद्धा नाही. तो काही बोलला नाही. रोज गुलजारबीकडे जाऊन एक उकडलेलं अंडं खायचा, मीठ लावून. टरफलं शेजारच्या अंगणात आईला दिसतील म्हणून कोटाच्या खिशात घालायचा आणि नदीवर टाकून यायचा. एक दिवस टाकायची राहिली. आईनं कोट धुवायला काढला, झटकला, आणि पांढरे तुकडे चुलीपुढे सांडले.

"मी म्हणाले, त्या तोंडानं माझ्या चुलीजवळ यायचं नाही," बयाबाई मला सांगत होती. पान हातात तसंच. "ओट्यावर पत्रावळ मांडली. परक्या यात्रेकरूला मांडावी तशी. तो रोज उंबऱ्याशी येऊन विचारायचा, आई, आत येऊ? मी म्हणायचे, माळेला हात लावून सांग, परत खाणार नाही. तो गप्प. खोटं बोलला असता तर काय झालं असतं रे? एवढं खोटं बोलायचं होतंस."

हबीबच्या घरात त्याला जागा होती. पण तो आईच्या दारातच बसायचा. कार्तिकाची थंडी. नऊ दिवस असे गेले. ताप उलटला. दहाव्या दिवशी हबीबनं त्याला टांग्यात घातलं आणि दवाखान्याकडे टांगा पिटाळला. पुलावर पोचेपर्यंत संपलं होतं.

तेव्हा मला कळलं, "आत ये" म्हणजे काय. आणि मला हेही कळलं की ही बाई मला भरवत नाही, त्या नऊ दिवसांना भरवतेय. ते किती खाणार? त्यांचं पोट कधी भरतंय?

माघ गेला. माझे पुढचे पाय वाकायला लागले. उभी राहिले की कोपरं बाहेर पडायची. जबडा मऊ झाला. शेपटीतलं सगळं घर मी खाऊन संपवलं होतं. फाल्गुनात मी डोळे मिटून पडले. ती कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "रागावलास अजून? खा रे. काय देऊ तुला? सांग ना, काय देऊ?"

तिला माझी बोली कळली असती तर!

त्याच दिवसांत लंकाबाई आली. पेठच्या डोंगरातून पळसाची पानं आणणारी. डोक्यावरचा भारा उतरवला, पाणी प्याली आणि मला बघून म्हणाली, "आं? घोरपड? आणि ही अशी काय झाली?"

"माझा गोरख आहे तो."

लंकाबाई हसली नाही. डोंगरातल्या माणसांना अशा गोष्टींचं हसू येत नाही. ती माझ्यापाशी उकिडवी बसली, पाय चाचपला, जबडा दोन बोटांनी उघडला. "असंल. पर बाय, देह घोरपडीचा हाय ना? तोंडात बघ. हे दात काय पुरणपोळीचे हायेत?"

बयाबाईनं पहिल्यांदा माझ्या तोंडात पाहिलं. चार महिने रोज त्यात पळी घालत होती, पाहिलं नव्हतं.

"हाडं मऊ झाली हिची," लंकाबाई म्हणाली. "खेकडं दे, उंदीर दे, किडं दे. नाय तर अंडं दे. टरफलासकट. आणि उन्हात ठेव. नाय तर आठ दिसांत जाईल." उठता उठता ती म्हणाली, "द्यायचं नसंल तर मला दे. आमची पोरं खातील, वाया तरी जायची नाय."

ती गेली. बयाबाई बसून राहिली. पानं लावली नाहीत, चूल पेटवली नाही. चूल पेटली नाही म्हणून मीही गार होत गेले. मग ती उठली. गळ्यातली माळ काढली, डोळ्यांना लावली आणि खुंटीवर, त्या कोटाच्या खिशात ठेवली. हळूच, कुणी झोपलेलं उठू नये तसं.

शेजारच्या दाराशी ती गेली ते मला दाराच्या फटीतून दिसत होतं.

"गुलजारबी."

"काय गं?"

"एक अंडं दे."

मग गुलजारबी बाहेर आली, पदरात अंडं. डोळे भरलेले. "बया, मी त्याला बोलावून देत नव्हते गं. पोर हातपाय लटपटत यायचं…"

"मी तुला काही म्हणाले का?" बयाबाई म्हणाली. "मला एवढं सांग, तो कसं खायचा?"

"उकडून. मीठ जास्त. आणि आधी पांढरं खायचा, पिवळं मागे ठेवायचा, चांगलं शेवटाला म्हणून."

"लहानपणी गुळाचा खडा असाच ठेवायचा," बयाबाई म्हणाली.

तिनं त्याच चुलीवर पाणी ठेवलं. अंडं उकडलं, सोललं. मीठ लावलं. लंकाबाई टरफलासकट म्हणाली होती, पण तिच्या कानांत गुलजारबीचं बोलणं होतं. पत्रावळ मांडली, चुलीपुढे, घराच्या अगदी आत. पांढरं एका बाजूला, पिवळं एका बाजूला. टरफलं तिच्या मुठीत होती. गुलजारबी उंबऱ्यात उभी. बयाबाई म्हणाली, "ये. आत ये. माझ्या चुलीजवळ बसून खा."

ते अंडं माझ्यासाठी नव्हतं. ते मला पुरतं माहीत होतं. कुणा दुसऱ्याच्या ताटावर बसावं तसं मला झालं. पण पोटाला लाज नसते. मी जीभ काढली. जिभेनं पत्रावळ ओलांडली, पांढरं ओलांडलं, पिवळं ओलांडलं आणि तिच्या मुठीपाशी गेली. चुना. माझी हाडं नुसत्या वासानं ओरडली. उरलीसुरली सगळी ताकद घेऊन मी झडप घातली. टरफलं तोंडात आली आणि त्यांच्याबरोबर तिचं बोटही.

तिनं हात ओढून घेतला नाही. रक्त पत्रावळीवर पडत होतं, आणि मी टरफलं कडाकडा चावत होते. एकही तुकडा सोडला नाही. सांडलेलाही जमिनीवरून चाटून घेतला. तोंडातून बोट केव्हा सुटलं ते मला कळलंसुद्धा नाही.

बयाबाई माझ्याकडे बघत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे.

"माझा गोरख टरफलं लपवायचा गं," ती गुलजारबीला म्हणाली. "माझ्या भीतीनं लपवायचा. हा तो नाही."

मग ती रडली. दहाव्याला रडली नव्हती. गुलजारबीनं आत येऊन तिचं बोट आपल्या पदरात गुंडाळलं. ती तीस वर्षांत त्या चुलीपर्यंत कधी आली नव्हती. मी पत्रावळीवरचं पांढरं खाल्लं, पिवळं खाल्लं, मीठ चाटलं. गोरख त्या दिवशी दुसऱ्यांदा गेला, आणि मी जेवत होते.

दुसऱ्या दिवसापासून माझं सगळं बरोबर व्हायला लागलं. अंडी टरफलासकट. हबीब टांग्याच्या पेटीतून खेकडे आणायचा, "घे महाराणी, स्टेशनावरचा माल," म्हणायचा. पानांच्या भाऱ्यांतले किडे बयाबाई वेचून माझ्यापुढे ठेवायची. सकाळी ओट्यावर ऊन. शेपटीत जरा जीव आला, जबडा घट्ट झाला. पुढचे पाय मात्र वाकडे राहिले ते राहिलेच.

पण तिनं मला पुन्हा हाक मारली नाही. काम चोख, बोलणं बंद. पाणी बदलायची, पट्टी सैल करायची, निघून जायची. मी मान वर करून बसायचे. काय सांगू! चार महिने उपाशी होते, पण कुणाची तरी होते. आता पोट भरत होतं आणि माझं नाव गेलं होतं. ते माझं नव्हतंच, तरी.

वैशाखात तिनं मला पाटीत घालून नदीकाठी आणलं. पट्टी सोडली. मी पाटीतून उतरेना. ती म्हणाली, "जा. तुझा काही दोष नाही." बाकी काही नाही.

वाकड्या पायांनी मला आता बीळ उकरता येत नाही. झाडावर चढता येत नाही. उंदीर माझ्यापुढून चालत जातो. या दगडाखाली आयती कपार मिळाली, तिच्यात असते. मिळेल ते खाते. ही थंडी मी काढीन असं वाटत नाही, आणि त्याचं काही नाही.

माझं एवढंच सांगणं आहे. कुणालाही आपल्या घरी न्याल, जनावराला न्या नाहीतर माणसाला, तर ताट मांडायच्या आधी त्याचं तोंड उघडून दात बघा. तुम्हाला काय द्यावंसं वाटतं ते मागून.

काल त्या पोराचं वर्षश्राद्ध झालं. माझ्या दगडापासून दहा पावलांवर. तोच मामा, तेच भटजी. पिंड ठेवला. वर उंबरावर कावळे, आणि पुन्हा एकही खाली येईना. भटजींनी दर्भ काढला, आपलं उरकलं आणि ते गेले. मामा गेला. बयाबाई मागे राहिली. लांब हबीब आणि गुलजारबी टांग्यापाशी उभी.

बयाबाईनं पदराआडून उकडलेलं अंडं काढलं. तिथंच सोललं, पिंडाशेजारी पानावर ठेवलं. वर चिमूटभर मीठ. टरफलं त्याच पानाच्या कडेला, उघडी, सगळ्या जगाला दिसतील अशी ठेवली. मग मागे सरून उभी राहिली.

वारा माझ्याकडे होता. अंड्याचा वास, चुन्याचा वास, तिच्या हातांचा, पळसाच्या चिकाचा वास. दहा पावलं. वाकड्या पायांनीही मी पोचले असते. मी बाहेर आले असते, तर तिनं कदाचित मला ते नाव घेऊन हाक मारली असती. पाटी पालथी घातली असती. पुन्हा चूल, पुन्हा ऊब, पुन्हा "गोरखा, आज पानं कोवळी आलीत."

मी दगडाला नखं रोवली आणि हलले नाही.

ऊन डोक्यावर आलं. ती उभीच. मग एक कावळा उतरला. इकडे तिकडे पाहिलं, पिंडाला चोच लावली न लावली आणि अंडं उचललं. पांढरं तिथंच खाल्लं. पिवळं घेऊन उडाला.

"जेवलास," बयाबाई म्हणाली. हात जोडले आणि टांग्याकडे चालत गेली. माझ्या दगडावरून तिची सावली गेली. ती थांबली नाही, आणि मी इथं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

टांग्याचा आवाज पुलापलीकडे गेल्यावर मी बाहेर आले. पिंडाला तोंड लावलं नाही. पानाच्या कडेची टरफलं खाल्ली, एक एक करून. तेवढी माझी होती.